दिनविशेष १५ ऑगस्ट : प्रकल्प नोंदी

१२ मे

एकाच तारखेला निरनिराळ्या वर्षी घडलेल्या घटना दिनविशेष या सदरात रोज छापल्या जातात. वर्षांच्या क्रमाने एकेक ओळ येते, वाचणारा ती वाचतो आणि पुढे जातो, कारण या ओळींचा एकमेकींशी संबंध आहे की नाही हे त्याला कुणी सांगत नाही. या प्रकल्पात आम्ही १५ ऑगस्ट ही एकच तारीख घेतली आहे. घटनांची संख्या वाढवणे हा त्यामागचा उद्देश नाही. प्रत्येक घटनेपुढे वर्ष आणि ठिकाण यांच्या जोडीला ‘याच दिवशी का?’ असा एक रकाना असेल, आणि ज्या घटनेपुढे या रकान्यात काही ठोस लिहिता येईल तीच मुख्य पानावर घ्यायची, असे ठरवले आहे.

दोन नियम सुरुवातीलाच लिहून ठेवतो. घटना जिथे घडली तिथल्या त्या दिवशीच्या स्थानिक तारखेला ती धरायची. आणि १५८२ च्या पंचांग-सुधारणेपूर्वीच्या, म्हणजे जुन्या ज्युलियन पंचांगातल्या, तारखा आजच्या ग्रेगोरियन गणनेत बदलून घ्यायच्या नाहीत.

१६ मे

दुसऱ्या नियमाची गरज पहिल्याच गठ्ठ्यात पटली. जुन्या युरोपातील १५ ऑगस्टच्या घटना एकत्र मांडल्या, तर त्यांतील बऱ्याच घटनांमागे एकच कारण दिसते : हा येशूची आई मेरी हिच्या स्वर्गारोहणाचा सण. जर्मनीतील कोलोन येथील कॅथेड्रलची कोनशिला १५ ऑगस्ट १२४८ रोजी बसवली गेली ती सणाचा दिवस पाहूनच, आणि ते बांधकाम शतकानुशतके रखडून १८८० मध्ये पुरे झाले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवर इग्नेशियस लोयोला आणि त्याचे सहा सोबती यांनी व्रत घेतले आणि त्यातून पुढे जेझुइट हा ख्रिस्ती धर्मसंघ उभा राहिला. त्या सहांपैकी एक फ्रान्सिस झेवियर होता. तोच झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला. एकाच माणसाच्या आयुष्यातील दोन मोठे टप्पे एका तारखेला आले आहेत. त्यांपैकी पहिल्या वेळी दिवस निवडलेला होता, तर दुसऱ्या वेळी समुद्रप्रवास त्या दिवशी संपला आणि सणामुळे त्या उतरण्याला अर्थ मिळाला. हा फरक रकान्यात स्वच्छ दिसला पाहिजे.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत तर या सणाने शहरांना नावे दिली. पॅराग्वेची राजधानी असुन्सिओन १५ ऑगस्ट १५३७ रोजी वसली आणि तिचे नावच स्वर्गारोहणावरून पडले. १५ ऑगस्ट १५१९ रोजी स्थापन झालेल्या पनामा शहराच्या मूळ लांबलचक नावातही हाच सण होता.

झेवियरच्या आगमनाची तारीख आजच्या गणनेत बदलली तर ती २५ ऑगस्ट होते आणि कोलोनची कोनशिला २२ ऑगस्टला जाते. खगोलाच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण त्या माणसांच्या पंचांगात तो सणाचा दिवस होता आणि त्यांच्या कृतीचे कारण त्या पंचांगात होते. तारीख बदलली की कारण हरवते. जुने ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या पौर्वात्य चर्चमध्ये हाच सण आजही ग्रेगोरियन २८ ऑगस्टला येतो, एवढी टीप पुरेशी आहे.

बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) हिचा अरब वेढा १५ ऑगस्ट ७१८ रोजी उठला, असे बायझंटाइन परंपरा सांगते. वेढा सुरू झाल्याची तारीखही ती परंपरा आदल्या वर्षीची १५ ऑगस्टच देते. संकट मेरीने टाळले अशी शहराची श्रद्धा होती, त्यामुळे या तारखेकडे इतिहास आणि भक्ती या दोन्ही अंगांनी पाहावे लागते. ‘परंपरेनुसार’ हा शब्द त्या ओळीतून काढायचा नाही.

१८ मे

पिरेनीज पर्वतातील रोंसव्हो खिंडीत फ्रँक राजा शार्लमेन याच्या सैन्याच्या पिछाडीवर हल्ला झाला ती तारीख १५ ऑगस्ट ७७८ ही आहे. या लढाईवर पुढे काव्ये झाली, पण त्या काळच्या बखरी नेमका दिवस देत नाहीत. तो कळतो एका थडग्यावरील लेखामुळे. त्या लढाईत शार्लमेनचा एगिहार्ड नावाचा अधिकारी मारला गेला आणि त्याच्या स्मृतिलेखात मृत्यूचा दिवस रोमन पद्धतीने, सप्टेंबरच्या कॅलेंड्सपूर्वीचा (म्हणजे पहिल्या तारखेपूर्वीचा) अठरावा दिवस असा नोंदवलेला आहे. १ सप्टेंबर हा पहिला धरून मागे मोजत गेले की अठरावा दिवस १५ ऑगस्टचा येतो. त्या खिंडीत पडलेल्या सैनिकांपैकी रोलाँचे नाव जगाला माहीत झाले, पण तारीख टिकली ती एगिहार्डच्या स्मृतिलेखात नोंदली गेली म्हणून. ही नोंद मुख्य पानावर सविस्तर द्यावी असे माझे मत आहे, कारण तारीख आपल्यापर्यंत कशी पोहोचते हे तीत डोळ्यांसमोर दिसते.

२५ मे

नेपोलियनचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ रोजी कॉर्सिका बेटावरील अजाक्सिओ येथे झाला. बेट फ्रान्सकडे येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. जन्माच्या तारखेला कारण विचारता येत नाही. मात्र १८०६ मध्ये सम्राट नेपोलियनने हुकूम काढून १५ ऑगस्ट हा दिवस ‘संत नेपोलियन’ याचा राष्ट्रीय सण ठरवला. मेरीचा सण लोक पाळतच होते. त्यावर सम्राटाचा वाढदिवस बसवला गेला, आणि पुढे त्याच्या पुतण्याने, तिसऱ्या नेपोलियनने, फ्रान्सच्या दुसऱ्या साम्राज्यात ही प्रथा पुन्हा सुरू केली.

लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशाने १९४० मध्ये राष्ट्रीय दिन ठरवताना याच धर्तीचा विचार केला. तिथले तेव्हाचे राजे दुसरे फ्रान्झ योझेफ यांचा वाढदिवस १६ ऑगस्टचा आणि सणाची सुट्टी आदल्या दिवशीची असल्याने १५ ऑगस्ट ही तारीख सोयीची ठरली.

२ जून

आजपासून विसाव्या शतकाचे काम. या तारखेच्या आधुनिक इतिहासाचे मूळ १९४५ मध्ये आहे आणि ते नीट मांडल्याशिवाय पुढची एकही नोंद उलगडत नाही.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी दुपारी बारा वाजता जपानी रेडिओवर सम्राट हिरोहितो यांचे भाषण वाजले. सर्वसामान्य जपानी माणसाने सम्राटाचा आवाज प्रथमच ऐकला. ते भाषण थेट नव्हते. आदल्या रात्री राजवाड्याच्या आवारात ते ध्वनिमुद्रिकांवर घेतले होते, आणि शरणागती रोखू पाहणाऱ्या काही लष्करी अधिकाऱ्यांनी त्या रात्री राजवाड्यात शिरून त्या मुद्रिका शोधण्याचा प्रयत्न केला होता. त्या त्यांना सापडल्या नाहीत. भाषणाची भाषा दरबारी आणि अवघड होती, त्यात शरणागती हा शब्दच नव्हता, त्यामुळे निवेदकाला नंतर अर्थ उलगडून सांगावा लागला. त्या मुद्रिका हाती लागल्या असत्या तर हे भाषण त्या दुपारी वाजले नसते, आणि मग या तारखेवरच्या पुढच्या कित्येक नोंदी कदाचित झाल्याच नसत्या.

स्थानिक तारखेचा नियम इथे कसाला लागतो. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी वॉशिंग्टनमध्ये ही बातमी जाहीर केली तेव्हा तिथे १४ ऑगस्टचे संध्याकाळचे सात वाजले होते. औपचारिक करारावर सह्या झाल्या त्या २ सप्टेंबरला, टोकियो उपसागरात ‘मिसुरी’ या युद्धनौकेवर. एकाच युद्धाच्या शेवटाला तीन तारखा आहेत आणि तिन्ही आपापल्या जागी खऱ्या आहेत. आमच्या पानावर टोकियोचे भाषण येईल, ट्रुमन यांची घोषणा फक्त टिपेत.

९ जून

भारताचे स्वातंत्र्य. ही नोंद सर्वांना पाठ आहे, म्हणूनच तिच्या कारणाच्या रकान्यावर सर्वाधिक वेळ दिला.

ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ रोजी सत्तांतरासाठी जून १९४८ ही मुदत सांगितली होती. माउंटबॅटन यांनी ३ जूनची फाळणीची योजना जाहीर झाल्यावर दुसऱ्याच दिवशीच्या पत्रकार परिषदेत ती मुदत अलीकडे ओढून १५ ऑगस्ट १९४७ च्या आसपास सत्ता सोपवली जाईल असे सांगितले. दक्षिणपूर्व आशियातील दोस्त सैन्याचे ते सरसेनापती राहिलेले होते आणि जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन म्हणून ही तारीख मनात आली, असे पुढे त्यांनीच सांगितले. १८ जुलैला राजाची संमती मिळालेल्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या पहिल्याच कलमात मग हा दिवस कायम झाला.

हे वाचताना अस्वस्थ व्हायला होते आणि ती अस्वस्थता या नोंदीत उतरू द्यायला माझी हरकत नाही. ४ जून ते १५ ऑगस्ट म्हणजे जेमतेम दहा आठवडे. एवढ्या अवधीत सैन्य, खजिना, रेल्वे, कचेऱ्या आणि दोन मोठे प्रांत वाटायचे होते. रॅडक्लिफ यांनी आखलेल्या सीमा प्रसिद्ध झाल्या त्या १७ ऑगस्टला, म्हणजे पंजाब आणि बंगालमधील असंख्य कुटुंबांनी स्वातंत्र्याचा दिवस आपले गाव कोणत्या देशात आहे हे न कळताच काढला. एका सेनापतीच्या आठवणीतली तारीख कोट्यवधी माणसांच्या आयुष्याचे वेळापत्रक झाली. रकान्यात ‘माउंटबॅटन यांची निवड’ एवढेच लिहून भागणार नाही, त्या निवडीने किती वेळ शिल्लक ठेवला हेही लिहावे लागेल.

एक तपशील आवर्जून घ्यायचा. नेहरूंचे संविधान सभेतील भाषण १४ तारखेच्या रात्री, मध्यरात्रीच्या आधी झाले आणि लाल किल्ल्यावर त्यांनी तिरंगा फडकवला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी. दरवर्षी १५ ऑगस्टला किल्ल्यावरून होणारे भाषण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की पहिल्या वर्षीचे ध्वजारोहणही त्याच दिवसाचे धरले जाते.

१५ जून

कोरियाची नोंद भारताच्या नोंदीला लागूनच ठेवायची, कारण दोन्हींचे मूळ त्या दुपारच्या भाषणात आहे. जपानच्या पराभवाने कोरियावरील जपानी सत्ता संपली, म्हणून १५ ऑगस्ट हा तिथे मुक्तिदिन. तीन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी सोलमध्ये कोरिया प्रजासत्ताकाच्या सरकारची घोषणा झाली ती हाच दिवस साधून. उत्तर कोरियातही हा दिवस पाळला जातो. देशाचे दोन तुकडे झाले, पण सुटकेची तारीख दोघांची एकच राहिली.

१९७४ ची सोलमधील नोंद या प्रकल्पाचा हेतू इतर कोणत्याही नोंदीपेक्षा अधिक स्पष्ट करते. १५ ऑगस्ट १९७४ रोजी सकाळी राष्ट्रीय नाट्यगृहात मुक्तिदिनाचा समारंभ चालू होता आणि राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही भाषण करत होते. प्रेक्षकांतून एक तरुण पिस्तूल झाडत मंचाकडे धावला. त्याचे ते पिस्तूल जपानमधील ओसाका शहराच्या एका पोलीस चौकीतून चोरलेले होते. अध्यक्ष बचावले. मंचावर बसलेल्या त्यांच्या पत्नी युक यंग-सू यांना गोळी लागली आणि त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. गायनवृंदातील एक शाळकरी मुलगीही गोळीबारात मारली गेली. पत्नीला उचलून नेल्यावर पार्क यांनी भाषण पुढे चालू करून पूर्ण केले. त्याच दिवशी सोलच्या भुयारी रेल्वेचा पहिला मार्ग, सोल स्थानक ते छंग्न्यांग्नी, वाहतुकीसाठी खुला झाला.

सामान्य यादीत या दोन ओळी एकाखाली एक येतील आणि वाचणाऱ्याला हा विलक्षण योगायोग वाटेल. पण त्यात योगायोग नाही. भुयारी रेल्वे त्या दिवशी सुरू झाली कारण सरकारला राष्ट्रीय दिवशी मोठे काम लोकांना दाखवायचे होते, आणि मारेकरी त्या दिवशी आला कारण अध्यक्ष कुठे आणि किती वाजता उभे असतील हे राष्ट्रीय दिवशी सर्वांना ठाऊक असते. एकदा तारीख ठरली की उत्सव आणि घात दोन्ही तिच्याकडे चालत येतात.

२१ जून

भारतातील १५ ऑगस्टनेही पुढच्या घटना आपल्याकडे ओढल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी देशभरातून आलेल्या सत्याग्रहींच्या तुकड्या सीमा ओलांडून पोर्तुगीज हद्दीत गेल्या. पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहायक समितीचा या चळवळीत मोठा वाटा होता. सत्याग्रही निःशस्त्र होते. पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. पत्रादेवी येथील हुतात्मा स्मारक त्यांची आठवण राखते. भारताने त्यानंतर गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. देश स्वातंत्र्याचा आठवा वर्धापनदिन साजरा करत असताना देशाचाच एक भाग परक्या सत्तेखाली आहे, हे सांगण्यासाठी दुसरी कोणतीही तारीख इतकी समर्पक नव्हती.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, टपाल खात्याने पिन कोड सुरू केला. त्याचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे. ते दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. सहा आकड्यांपैकी पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कचेरीचे. सारखीच नावे असलेली गावे आणि निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांतून वाट काढणारी ही रचना पन्नास वर्षांहून अधिक काळ चालली आहे. दिनविशेषात तिला एक ओळ मिळते किंवा तीही मिळत नाही. आम्ही परिच्छेद देणार आहोत.

२८ जून

आता ज्या घटना कुणी ठरवून या दिवशी आणल्या नाहीत त्या. इथे ‘योगायोग’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, पण योगायोगालाही घडण होती.

१५ ऑगस्ट १८५४ रोजी हावडा ते हुगळी ही पूर्व भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली. मुंबई–ठाणे गाडी आदल्याच वर्षी १६ एप्रिलला सुरू झाली होती. हावड्याला उशीर झाला तो समुद्रामुळे : डबे घेऊन येणारे जहाज हुगळीच्या मुखाजवळ बुडाले आणि इंजिन आणणारे जहाज चुकून ऑस्ट्रेलियाला गेले. दोन जहाजांनी मिळून ही गाडी ऑगस्टपर्यंत लांबवली.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ हे जहाज पनामा कालव्यातून पार गेले आणि कालवा खुला झाला. युरोपात महायुद्ध नुकतेच पेटले होते, त्यामुळे जगाचे लक्ष तिकडे नव्हते.

१५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी भारतीय वेळेनुसार ७ वाजून ३९ मिनिटांनी आसाम आणि तिबेट हादरले. ८.६ तीव्रतेचा तो भूकंप जमिनीवर झालेल्या सर्वांत मोठ्या नोंदलेल्या भूकंपांपैकी एक आहे. डोंगर कोसळून सुबनसिरी नदी अडली, आठ दिवसांनी तो नैसर्गिक बांध फुटला आणि पाण्याच्या लोंढ्यात खालच्या गावांतील शेकडो माणसे मेली. प्रजासत्ताक झाल्यानंतरचा तो पहिलाच स्वातंत्र्यदिन होता. भूगर्भाला पंचांग नसते, त्यामुळे या नोंदीपुढचा रकाना दिवसाबद्दल रिकामा राहील. पण हानी त्या एका दिवसापुरती नव्हती, हे ओळीत आले पाहिजे.

५ जुलै

काँगो (ब्राझाव्हिल) १५ ऑगस्ट १९६० रोजी स्वतंत्र झाला. भारताचा आणि काँगोचा स्वातंत्र्यदिन एकच, हे वाक्य बरेचदा वाचायला मिळते. पण त्या महिन्यातील फ्रेंच वसाहतींच्या तारखा ओळीने लिहिल्या तर खरे कारण समोर येते. दाहोमे (आजचा बेनिन) १ ऑगस्ट, नायजर ३, अपर व्होल्टा (आजचा बुर्किना फासो) ५, आयव्हरी कोस्ट ७, चाड ११, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक १३, काँगो १५, गॅबन १७. शेवटच्या चारही समारंभांना फ्रान्सतर्फे एकच मंत्री हजर होते. वेळापत्रकात दोन-दोन दिवसांचे अंतर ठेवले होते आणि काँगोचा क्रम आला तेव्हा १५ तारीख होती. दिल्लीशी याचा काही संबंध नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री दूरचित्रवाणीवरून सांगितले की, परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात ठरलेल्या दराने, म्हणजे एका औंसाला ३५ डॉलरने, सोने देणे थांबवले जात आहे. जोडीला ९० दिवसांची वेतन आणि दरबंदी, तसेच आयातीवर १० टक्के अधिभार. कँप डेव्हिड येथे शुक्रवारपासून बैठक चालू होती आणि १५ तारीख रविवारची होती. सोमवारी बाजार उघडण्यापूर्वी ही घोषणा होणे भाग होते, त्यामुळे इथे निवड झाली ती वाराची. भारतात तेव्हा १६ ऑगस्टची सकाळ उजाडलेली होती.

ढाक्यात १५ ऑगस्ट १९७५ च्या पहाटे लष्करातील बंडखोरांनी बांगलादेशचे राष्ट्राध्यक्ष शेख मुजीबुर रहमान आणि त्यांच्या कुटुंबातील बहुतेकांची हत्या केली. ती रात्र बंडखोर तुकड्यांच्या नेहमीच्या रात्रकालीन सरावाची होती, त्यामुळे रणगाडे आणि तोफा बाहेर पडल्या तरी कुणाला संशय आला नाही. कारणाच्या रकान्यात लष्करी वेळापत्रक लिहायचे.

९ जुलै

१५ ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ‘बिग इअर’ रेडिओ दुर्बिणीने ७२ सेकंद टिकलेला एक तीव्र संकेत टिपला. काही दिवसांनी छापील आकडे तपासताना खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन यांनी तो गट लाल शाईने घेरला आणि बाजूला ‘वॉव’ असे लिहिले. तिथे रात्र झाली होती, जागतिक प्रमाणवेळेनुसार १६ ऑगस्ट लागला होता. खगोलशास्त्र प्रमाणवेळेने चालते, आमचे पान स्थानिक तारखेने. नियमाप्रमाणे नोंद राहील, दोन्ही वेळा देऊन.

१६ जुलै

गांधीजींचे सचिव महादेव देसाई यांचा मृत्यू पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १५ ऑगस्ट १९४२ रोजी झाला. ‘चले जाव’ ठरावानंतर ९ ऑगस्टला गांधीजींबरोबर अटक झाली होती आणि सहाव्या दिवशी ते गेले. पाच वर्षांनी याच तारखेला देश स्वतंत्र होणार आहे हे तेव्हा कुणालाही माहीत नव्हते, आणि ही नोंद त्या अजाणतेपणासह वाचली जावी यासाठी तिला १९४७ च्या नोंदीखाली न ठेवता तिच्या स्वतःच्या वर्षाखाली ठेवले आहे.

श्री अरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ चा. त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी भारत स्वतंत्र झाला, आणि त्या वेळच्या संदेशात त्यांनी हा केवळ योगायोग मानत नसल्याचे म्हटले. तारखेला अर्थ देणारा माणूसही इतिहासाचाच भाग असतो, म्हणून हे मत त्यांच्या नावानेच दिले जाईल.

२४ जुलै

मांडणी ठरली. वर्षांचा क्रम परिशिष्टात जाईल. मुख्य पान सणापासून सुरू होऊन नेपोलियनपर्यंत येईल, मग १९४५ ची दुपार आणि तिच्यातून निघालेल्या भारताच्या व कोरियाच्या शाखा, आणि त्यानंतर वेळापत्रकाने किंवा निसर्गाने या दिवशी आणून सोडलेल्या घटना.

राहिला होता पाकिस्तानचा प्रश्न. तिथे स्वातंत्र्यदिन १४ ऑगस्टला असतो, म्हणून ही नोंद या पानावर नको असे एक मत आले. परंतु १९४७ च्या कायद्यात दोन्ही देशांसाठी एकच दिवस, १५ ऑगस्ट, लिहिलेला आहे. माउंटबॅटन १४ तारखेला कराचीत संविधान सभेपुढे बोलले ते त्यांना रात्री दिल्लीत असणे भाग होते म्हणून, आणि जिनांनी गव्हर्नर जनरलपदाची शपथ घेतली ती १५ तारखेला. जुलै १९४८ मध्ये निघालेल्या पाकिस्तानच्या पहिल्या स्मारक तिकिटांवरही १५ ऑगस्ट १९४७ हीच तारीख छापलेली आहे. दिवस १४ वर नेला गेला तो १९४८ पासून. त्यामुळे ही नोंद भारताच्या नोंदीशेजारी राहील, तिकिटावरील तारखेचा उल्लेख तिच्या पहिल्याच वाक्यात येईल, आणि १४ ऑगस्टचे पान पुढे हाती घेतले जाईल तेव्हा तिथून इकडे दुवा दिला जाईल.